पेशंट सांभाळण्याचं काम: सोलापुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मुलं पुण्या-हैदराबादला नोकरीला आणि आईवडील मागे, अशी घरं सोलापुरात आता गल्लोगल्ली आहेत. विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोड या बाजूला "पेशंट सांभाळायला कोणी आहे का हो?" ही विचारणा सतत चालू असते. पूर्व भागात, साखर पेठेत किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर नगरात, हेच काम घरातली सून नाहीतर मुलगी करते. विड्या वळता वळता ती सासऱ्याची कूस बदलते आणि त्याला काम म्हणून कोणी मोजत नाही. त्याच हातांना या कामाचे पैसे मिळू शकतात. पण घरच्या माणसाचं केलंय म्हणजे सगळं येतं, असं समजून कोणी निघालं की पहिल्याच महिन्यात अडतं. हे धुणंभांडी नाही आणि नर्सचंही काम नाही. मधलं आहे, आणि त्याला स्वतःची हद्द आहे. ती हद्द पहिल्या दिवशी ठरवून घेणारी बाई किंवा गडी या कामात टिकतो.

आधी काम कुठल्या प्रकारचं ते ठरवा

सुरुवात हिंडत्या-फिरत्या म्हाताऱ्या माणसाच्या सोबतीपासून करावी. वेळेवर औषध हातात देणं, आंघोळीला आधार, जेवण, दवाखान्यात नेणं-आणणं एवढं त्यात येतं. त्यानंतर पक्षाघाताचा किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेला पेशंट. पूर्ण अंथरुणावरचा पेशंट आणि स्मृतिभ्रंशाचा पेशंट ही दोन कामं सर्वांत अवघड, ती पहिल्यांदाच घेऊ नका. बाळ-बाळंतिणीचं काम हा वेगळाच धंदा आहे, त्यात इथे शिरत नाही. पुरुष पेशंटसाठी बहुतेक घरं पुरुषच मागतात, तेव्हा तरुण मुलांनी हे काम बायकांचं म्हणून सोडून देऊ नये.

इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बसवणं, खोल जखमेचं ड्रेसिंग, घशातला कफ मशीनने ओढणं ही नर्सची कामं आहेत. घरचे म्हणतील, "अहो, सोपं आहे, मी दाखवतो." तरी नाही म्हणायचं. काही झालं तर दाखवणारा बाजूला होतो आणि तुमचं नाव पुढे येतं.

शिकायचं कुठे आणि काय बघून

कौशल्य विकास योजनेत आरोग्य क्षेत्राचे दोन अभ्यासक्रम उपयोगाचे आहेत: 'होम हेल्थ एड' आणि 'जनरल ड्युटी असिस्टंट'. पहिला घरी जाऊन काळजी घेण्यासाठी, दुसरा मुख्यतः हॉस्पिटलच्या वॉर्डासाठी. घरचं काम करायचं असलं तरी दुसरा केलेला वाया जात नाही, कारण त्यात वॉर्डात हात चालतो. स्किल इंडिया डिजिटलच्या संकेतस्थळावर जवळचं केंद्र शोधता येतं.

प्रवेश घेण्याआधी केंद्रात तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये किती तास काम करायला मिळेल? सरावासाठी पलंग, व्हीलचेअर, बीपीचं मशीन आहे का? प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार? नुसत्या फळ्यावर शिकवणाऱ्या वर्गातून माणसाला उचलायला येत नाही. सहा महिन्यांत 'नर्स' करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम, पहिल्याला दोन वर्षं आणि दुसऱ्याला तीन वर्षं लागतात, त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. ती नसताना स्वतःला सिस्टर म्हणवून घेऊ नये. घरच्यांनी तशी हाक मारली तरी पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

कामाला लागण्याआधी स्वतःच्या लसी घ्या. कावीळ बीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताचीही घ्या. रक्त-लघवीशी संबंध येणाऱ्या कामात हे टाळून चालत नाही.

कागदपत्रं

आधार, बँक खातं, दोन फोटो, शिकल्याचं प्रमाणपत्र आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येतो. हा खर्च स्वतः केलात तरी परवडतो, कारण चांगल्या घरात पहिला प्रश्न तोच येतो. घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडे नाव नोंदवत असाल तर फक्त झेरॉक्स द्या. मूळ आधार किंवा गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या ब्युरोतून तिथल्या तिथे उठावं.

ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना मिळतं. पी.एफ. किंवा ईएसआय चालू असेल, किंवा आयकर भरत असाल, तर मिळत नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने राज्यात कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयात तिथे नोंदणी होते, चौकशी कामगार खात्याच्या जिल्हा कार्यालयात करा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत निघणारा दोन लाखांचा अपघात विमा, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, तोही काढून टाका. जाणं-येणं रात्रीचं असतं.

विडीच्या कामातून इकडे येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. कारखान्यात तुमचा पी.एफ. कापला जात असेल तर काम सोडल्या सोडल्या सगळी रक्कम उचलू नका. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षं भरली असतील तर आधी पी.एफ. कार्यालयात सेवाकाळ तपासून घ्या. चार पैसे हातात आले म्हणून आयुष्यभराचं पेन्शन घालवलेल्या बायका पूर्व भागात कमी नाहीत.

बोलणी: जे बोललं नाही ते नंतर भांडण होतं

पाळ्या साधारण सकाळी ८ ते रात्री ८, रात्री ८ ते सकाळी ८, नाहीतर चोवीस तास अशा असतात. चोवीस तासांचं काम म्हणजे त्या घरात राहणं. चोवीस तास जागं राहणं नव्हे. रात्री सलग सहा-सात तास झोप मिळणार नसेल, पेशंट दर दोन तासांनी उठवत असेल, तर ते एका माणसाचं काम नाही. हे बोलणीतच सांगा. तिसऱ्या रात्री डोळा लागून पेशंट पडला की दोष तुमच्यावर येतो.

एका कागदावर, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह, एवढं लिहून घ्या: पाळीची वेळ, रोज किंवा महिन्याचा पगार आणि तो मिळण्याची तारीख, आठवड्याची सुट्टी, बदली माणूस वेळेवर आला नाही तर जादा तासांचे पैसे, जेवण-चहा कोणाचा, रिक्षाभाडं कोणाचं. रात्री आठनंतर जुळे सोलापुरातून कुंभारीला परतायचं असेल तर भाडं ही किरकोळ बाब नाही. कामाची यादीही लिहा: पेशंटचे कपडे, पेशंटची भांडी, पेशंटची खोली. घरभरची फरशी त्यात नाही. "जाता जाता एवढं पुसून घ्या" इथून सुरुवात होते आणि महिन्याभरात तुम्ही धुणंभांडीवाल्या होता.

आणखी दोन कलमं लोक विसरतात. पेशंट आठ दिवस हॉस्पिटलात गेला तर पगार चालू की बंद? आणि पेशंट वारला तर? या कामात नोकरी एका रात्रीत संपते. निदान सात दिवसांचा पगार मिळेल असं आधीच लिहून घ्या, त्या दिवशी मागायला तोंड होत नाही.

ब्युरोतून काम घेतलं तर हिशेब असा पाहा. समजा ब्युरो घरच्यांकडून महिना १८,००० घेतो आणि तुम्हाला १३,००० देतो (आकडे नुसते उदाहरणाचे). मधल्या ५,००० रुपयांत बदली माणूस, सुट्टी, वाद झाला तर मध्यस्थी हे मिळणार असेल तर ठीक. यातलं काहीच नसेल तर तो फक्त फोन जोडून देण्याचा मोबदला आहे, आणि तो दर महिन्याला का द्यायचा हे विचारा.

पहिला दिवस आणि वही

पेशंटशेजारी बसून आधी पेशंटशीच बोला, घरच्यांशी नंतर. काय हाक मारू ते विचारा: आजी, काकू, बाई, सर. निवृत्त मास्तरांना "आजोबा" आवडेलच असं नाही. पूर्व भागात तेलुगू घरं बरीच, तशीच कन्नड आणि उर्दू-दखनी बोलणारी. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात माणूस पुष्कळदा लहानपणच्या भाषेवर जातो, मराठी येत असूनही सुचत नाही. तेव्हा चार शब्द पाठ हवेत. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु. दुखण्याला नोप्पी आणि नोवु. भुकेला आकली आणि हसिवु. बाकीचे त्या घरात विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहा.

वही शंभर पानी, रेघांची. रोजचं एक पान. त्यावर वेळ टाकून लिहायचं: किती वाजता कुठल्या कुशीवर, काय आणि किती खाल्लं, पाणी किती मिली, लघवी किती आणि कुठल्या रंगाची, शौच, ताप, बीपी, साखर, दिलेलं औषध, वेगळं काही. "जेवले" असं लिहू नका; "अर्धी भाकरी, एक वाटी वरण, १:१५" असं लिहा. ही वही डॉक्टरला उपयोगी पडते आणि उद्या कोणी बोट दाखवलं तर तुमच्याही. संध्याकाळच्या माणसाला पाळी तोंडी सांगून देऊ नका, वही समोर ठेवून द्या.

पैसा आणि दागिने यांच्यापासून लांब राहा. एटीएमचा पिन कोणी सांगितला तरी ऐकू नका, औषधं आणायला पैसे घेतलेत तर बिल वहीत चिकटवा, कपाटाची किल्ली सांभाळायला घेऊ नका. कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. मृत्युपत्राच्या भांडणात शेवटी साक्षीदाराला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पेशंटचा फोटो किंवा रील तर अजिबात नको.

कूस बदलणं

अंथरुणावरच्या पेशंटच्या कामात सगळ्यात मोठी परीक्षा हीच. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत कातडी मरायला लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस: डावी, पाठ, उजवी, पुन्हा डावी. रात्रीसुद्धा. डॉक्टरांनी वेगळं अंतर सांगितलं असेल तर ते.

पूर्ण आडवं कुशीवर टाकलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून थोडंसंच, ३० अंशांत कलवायचं आणि पाठीमागे उशी लावायची. दोन गुडघ्यांच्या मध्ये पातळ उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा गादीला टेकतच नाहीत. पेशंटला ओढून सरकवू नका, घासून कातडी सोलते. त्यासाठी एक सुती चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पेशंटखाली कायम ठेवा. दोघांनी दोन्ही बाजूंनी तिला धरून उचलायचं आणि मग सरकवायचं. सोलापुरी चादर कितीही अभिमानाची असली तरी पेशंटच्या अंगाखाली तिची जाड वीण नको. ती पांघरायला ठेवा. अंगाखाली जुनी, मऊ, सुरकुती नसलेली सुती चादर.

प्रत्येक कुशीला माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, खांद्याची पाती, कान आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने चाचपा. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागलं तर तेच समजा. त्या जागेवर भार बंद आणि त्याच दिवशी घरच्यांना फोन.

इथे हमखास होणाऱ्या चुका: लाल जागेवर चोळणं (आतल्या दुखावलेल्या शिरा आणखी तुटतात), स्पिरिट लावणं (कातडी कोरडी पडून फाटते), पावडरचे थर देणं (घामात गोळे होऊन टोचतात), गोल भोकाची उशी लावणं (भोकाच्या कडेने रक्त अडतं). हवेची गादी आहे म्हणून कूस बंद करणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. गादीच्या पंपावर वजनाप्रमाणे दाब लावावा लागतो. वीज गेली की गादी हळूहळू बसते आणि पेशंट सरळ पलंगाच्या फळीवर येतो. वीज गेल्याची वेळ वहीत लिहा आणि तोवर कूस अधिक वेळा बदला.

जेवण

पेशंटला उठवून बसवल्याशिवाय घास नाही. शक्य तितकं ताठ, मान किंचित पुढे, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच. झोपवून भरवलेलं अन्न श्वासनळीत जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. तोवर कोणाला आठवतही नाही की कारण काय होतं.

पक्षाघाताच्या पेशंटला पाणी आणि चहा हेच सर्वांत धोक्याचे, कारण पातळ पदार्थ वेगाने घशात जातो. आपल्याकडची दुसरी अडचण भाकरीची. पातळ आमटीत किंवा दुधात भाकरी कुस्करून दिली की पातळ आधी सरकतं आणि तुकडे मागे राहतात. गिळायला त्रास असणाऱ्याला हे दोन एकत्र झेपत नाहीत. भाकरी द्यायचीच असेल तर गरम वरणात इतकी भिजवा आणि घोटा की एकजीव लगदा होईल आणि चमच्यावर उभा राहील. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या पेशंटला बंद. कोरडा भुगा घशाला चिकटून ठसका लागतो. लहान चमचा, एक घास पूर्ण गिळल्यावर दुसरा. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठतं, तिथे बोट न घालता चूळ आणि ओल्या कापडाने साफ करा. जेवताना खोकला आला, आवाज घोगरा-ओला झाला, डोळ्यांत पाणी आलं, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

नाकातल्या नळीतून भरवायला नर्सने प्रत्यक्ष शिकवलेलं असेल तरच हात लावा. नळीवरची खूण जागेवर आहे ना ते आधी पाहा. डोकं ३० ते ४५ अंश वर. गाळलेलं, कोमट अन्न एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. आधी आणि नंतर २० ते ३० मिली पाणी. खूण सरकलेली दिसली तर काहीच घालू नका.

जुन्या बायकांना मिश्रीची सवय असते. तोंड साफ करताना आत बघत जा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर घरच्यांना सांगा. कवळी रात्री काढून पाण्यात.

उचलणं आणि बसवणं

पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी लावा. ब्रेक लावा, पायठाणं वर करा. हे दोन विसरल्याने पेशंट पडतात. पेशंटची पावलं जमिनीवर सपाट, तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. "एक, दोन, तीन" म्हणून त्यांना पुढे झुकवत उठवा, धरायचं कमरेच्या पट्ट्याला. लुळा हात कधीही ओढू नका, खांदा सांध्यातून उतरतो. तुमच्या मानेला मिठी मारू देऊ नका, पेशंट घसरला तर तुमचीही मान जाते. उठल्यावर चक्कर येते का ते बघायला अर्धा मिनिट थांबा.

पेठांमधल्या जुन्या घरांना उंच उंबरे असतात. उंबरा उतरताना खुर्ची उलटी, मागची मोठी चाकं आधी. पेशंट जड असेल तर दुसरा माणूस मागा. एकट्याने उचलून दाखवल्याचं कौतुक एकदा होतं, पाठदुखी मात्र राहते.

आंघोळ, पाणी आणि सोलापूरचं ऊन

बऱ्याच भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाच-सहा लिटरमध्ये आंघोळ घालता आली पाहिजे. दोन घमेली, चार लहान टॉवेल नॅपकिन. पाणी कोपराने तपासा. पेशंटच्या बधिर पायाला चटका कळत नाही. क्रम असा: डोळे-तोंड, हात, छाती, पाय, मग पाणी बदलून पाठ आणि सर्वांत शेवटी गुप्तांग, बायकांचं पुढून मागे. जो भाग पुसताय तेवढाच उघडा, बाकी अंगावर कापड. दार लावून घ्या, पाहुणे असोत नाहीतर घरचेच असोत. डायपर साधारण तीन-चार तासांनी बदला, शौच झाली की लगेच.

लघवीच्या नळीची पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकवता. दोन तृतीयांश भरली की मोजून रिकामी करा. चार तासांत एक थेंब आला नाही तर आधी नळी कुठे दुमडली आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टर.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या घरात तर भट्टीच. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून मागण्याची वाट न बघता दर तासाला अर्धा पेला पाणी. हृदय-किडनीच्या पेशंटला दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं, तिथे स्वतःच्या मनाने वाढवू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पेशंटखालच्या रबरी कापडाने उन्हाळ्यात घाम साचून कातडी सोलते. ते फक्त कमरेखाली, वर सुती चादर.

औषधं, बीपी, साखर

औषधांचा तक्ता घरच्यांकडून लिहून घ्या, तोंडी बदल मान्य करू नका. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या देऊ नका. गिळत नाही म्हणून सरसकट कुटूही नका, नावापुढे एसआर किंवा ईआर असलेली, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. बीपी पाच मिनिटं शांत बसल्यावर, उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला ठेवून. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. ऑक्सिजन मोजायचा क्लिप नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असलेल्या बोटाला लावू नका.

साखर ७० च्या खाली, घाम, थरथर, बडबड: पेशंट शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही.

१०८ कधी

तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं: वेळ लिहा आणि लगेच १०८. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते, आणि "सकाळी डॉक्टरांना दाखवू" म्हणण्यात ती निघून जाते. छातीत दाब, श्वास लागणं, पडून डोक्याला मार, न थांबणारं रक्त, यालाही तेच. आधी १०८, मग मुलाला फोन. मुलगा पुण्यात बसून "थांबा, मी बघतो" म्हणाला तरी थांबू नका. श्वास बंद वाटला तर "गेले" असं तुम्ही जाहीर करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

तुमच्याशी कोणी अंगलट केली, अगदी पेशंटने किंवा घरातल्या पुरुषाने, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे. तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तातडीला ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं वागणं आजारातून आलेलं असू शकतं. तरीही ते वहीत लिहा, घरच्यांना सांगा, आणि दुसरा माणूस सोबत मागा.

घरच्यांनी वाचायचं

"तुम्ही देवमाणूस आहात" म्हणायचं आणि पगार दहा तारखेनंतर द्यायचा, हे सोलापुरात सर्रास चालतं. पगाराची तारीख पाळा. आठवड्याची सुट्टी स्वतःहून द्या, त्या दिवशी पेशंटला कोण बघणार ही तुमची जबाबदारी. बसायला खुर्ची, रात्री टेकायला गादी, वेगळा न ठेवता घरातलाच चहाचा कप, संडास वापरायची मुभा, हातमोजे आणि साबण तुमच्या खर्चाने. चूक दिसली तर पेशंटसमोर बोलू नका, पेशंटचा विश्वास उडाला की त्या माणसाच्या हातून तो औषधही घेत नाही. वस्तू सापडली नाही तर आधी घर शोधा. पोलिसांचं नाव काढून नंतर ती उशीखाली सापडली तर माफीने भरून येत नाही. नावाने हाक मारा, ताई किंवा मावशी लावून.

आणि घरातच सून हे काम करत असेल तर तिलाही पाळी द्या. आठवड्यातून दोनदा चार-चार तास बाहेरचा माणूस ठेवला किंवा भाऊ-नणंद येऊन बसले, तर ती निदान स्वतःच्या दवाखान्यात जाऊ शकेल. तिला झोप लागत नाही, पाठ दुखते, लहानशा गोष्टीवर चिडते, रडते, हे तिच्या स्वभावाचे दोष नाहीत, बदली नसल्याची लक्षणं आहेत. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७.

काम सोडताना

निदान आठ दिवस आधी सांगा आणि नव्या माणसाला दोन पाळ्या सोबत घेऊन शिकवा: पेशंट कुठल्या कुशीवर कण्हतो, पाणी कशातून पितो, रात्री कशाला घाबरतो. वही त्या घराचीच असते, ती नेऊ नका आणि तिचे फोटोही काढू नका. तुम्हाला हवं ते एकच पत्र: किती महिने, कुठली पाळी, पेशंट कुठल्या प्रकारचा (नाव न घालता), कुठली कामं केली, घरच्यांचा फोन क्रमांक आणि सही. पेशंट वारल्यावर काम संपलं असेल तर तेराव्यानंतर जाऊन मागा, बहुतेक घरं लगेच देतात. पुढच्या घरी पगाराची बोलणी याच पत्रावरून सुरू होतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधारसोबत ठेवा.